शिवणीची नाव

आमगाव म्हटलं की हावडा मार्गावरचं स्टेशन आठवतं, धानाच्या गिरण्या आठवतात, वाचणाऱ्यांना भवभूतीचं म्हणून सांगितलं जाणारं पदमपूर आठवतं. होडी कुणाला आठवत नाही. पण पाण्याची आमच्याकडे कमी नाही. गोंदिया-भंडारा हा तलावांचाच मुलूख. कोहळ्यांनी बांधलेलं नवेगाव बांध, गावोगावचे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळेच ‘मामा तलाव’ म्हणतात, पुजारीटोल्याचं धरण, वाघ नदी आणि ती जिला जाऊन मिळते ती वैनगंगा. या पाण्यावर डोंगा चालत आला आहे. एका खोडातून कोरून काढलेला, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या हातचा.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. घरच्या पडवीत आपल्या हातांनी एक लाकडी नाव बांधायची, हे माझ्या मनाने दोन वर्षांपासून घेतलं आहे. पंधरा फूट लांब, दोन्ही टोकांना निमुळती, दोन माणसांनी वल्ह्यांनी चालवायची. जग तिला कॅनू म्हणतं. लाकडाचं एवढं मोठं काम मी याआधी कधी केलेलं नाही.

हे मी पहिल्यांदा बोललो ते माझ्या मामाजींजवळ. मामाजी वाढई. बंड्या, नांगर, चौकटी, पाळणे, तिरड्या, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. सत्तरी उलटली, पण रंध्याचं पातं अजून स्वतः लावतात. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि स्पष्ट विरोध केला. तो विरोध आठ महिने चालला. त्यातलं बरंच मी वहीत टिपून ठेवलं, कारण त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते. मामाजी झाडीबोली मिसळून बोलतात. मी ती जमेल तितकी तशीच ठेवली आहे.

मामाजी: काहून? एवढंच सांग आधी. तुले मासे धरायचे नाई. नदीच्या पल्याड तुझं वावर नाई. मंग नाव कायले पायजे?

मी: मामाजी, मी जन्मभर तलाव पाळीवरून पाहिला. मधोमध बसून एकदाही नाही. आणि नुसतं बसायचंच असतं तर विकत आणली असती. मला ती बांधायची आहे.

मामाजी: हौस आहे तं पलंग कर. पलंग मोडला तं माणूस हातभर खाली पडते. नाव मोडली तं किती खोल पडते?

मी गप्प राहिलो. ते पुढे बोलले.

मामाजी: झुंजले काय झालं ते पेपरात वाचलं ना तू?

वाचलं होतं. १४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यातल्या श्रीक्षेत्र झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि एकाच गोतावळ्यातली अकरा माणसं गेली. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायकांचा डोंगा वैनगंगेत उलटला. त्यातल्या कितीतरी जणी घरी परतल्या नाहीत. त्या बायका हौसेने पाण्यावर गेल्या नव्हत्या. पलीकडे मजुरी होती आणि मधे नदी होती.

मी: म्हणूनच सांगतो, जॅकेट घातल्याशिवाय मी पाण्यावर जाणार नाही. बांधून झाल्यावरही पहिले कितीतरी दिवस कमरेएवढ्या पाण्यातच.

मामाजी: हे पहिलं कबूल केलं ते बरं झालं. लिहून ठेव. अवसानाच्या भरात माणूस इसरते.

वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहिलेलं आहे.

दुसरा वाद लाकडाचा. सुरुवातीला मी सोपा मार्ग धरला होता, प्लायवूडचा. प्लायचे आकार कापायचे, कडेकडेने भोकं पाडून तांब्याच्या तारेने फळ्या एकमेकींना शिवायच्या, मग आतून राळेचा लेप आणि काचेच्या कापडाची पट्टी बसवून तार काढून टाकायची. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘मिरर’ नावाची छोटी शिडाची होडी याच पद्धतीने निघाली आणि हजारो घरांच्या गॅरेजांत बांधली गेली. नवशिक्यासाठी ही पद्धत उत्तमच आहे. अट एकच, प्लाय खरा पाहिजे. आपल्याकडे त्यासाठी आयएस ७१० हे मानक आहे. त्या प्रतीचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात राहून थर सोडत नाही.

मी शिक्का बघून दोन शीट आणले. दुकान कोणतं ते सांगत नाही. मामाजी म्हणाले, शिक्का उकळत नसते, लाकूड उकळते. म्हणून वीतभर तुकडा कापून चुलीवरच्या भगोन्यात टाकला. चौथ्या तासाला पाणी तांबूस झालं. सहाव्या तासाला चिमट्याने बाहेर काढला तर एका कोपऱ्यातून थर वर आलेला. मामाजींनी नखाने ओढला आणि आख्खा पदर हातात आला, ओल्या पोथीच्या पानासारखा.

मामाजी: प्लाय म्हणजे लाकडाचं पुस्तक आहे बाबू. भिजलं की पानं सुटतात.

मी: हे खोटं प्लाय आहे. खरं प्लाय असं करत नाही.

मामाजी: खरं तुले ओळखता येते काय? उकळून पाहिलं म्हणून समजलं. आन् नाई उकळलं असतं तं?

ते खरंच होतं. नवशिक्याने कोणतंही प्लाय घेतलं तरी आधी तुकडा उकळून पाहावा, हा सल्ला मी आता सगळ्यांना देतो. ते दोन शीट आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर गेले.

मग मी पट्ट्यांच्या नावेकडे वळलो आणि खरी झुंज तिथून लागली. या पद्धतीत आधी फुटाफुटाच्या अंतरावर आडवे साचे उभे करतात. प्रत्येक साचा म्हणजे नावेचा त्या जागी घेतलेला छेद. त्या साच्यांवरून सहा मिलिमीटर जाड आणि पाऊण इंच रुंद अशा लांबच लांब पट्ट्या एकीला एक चिकटवत जायच्या. साठ-सत्तर पट्ट्या लागतात. अंग पूर्ण झालं की बाहेरून घासून, वर काचेचं कापड अंथरून इपॉक्सी राळेने भिजवायचं. मग साचे काढून आतूनही तसंच. लाकूड मधे, काच दोन्ही अंगांना. खिळा एकही राहत नाही.

मामाजी: साठ पट्ट्या म्हणजे एकोणसाठ सांधे. सांधा म्हणजे पानी येण्याची वाट. डोंग्याले एक तरी सांधा आहे काय? एका झाडाचा असते तो. देवाने केलेलं लाकूड माणसाने तोडून पुन्हा चिकटवायचं, हे कोणतं शहाणपण?

त्या रविवारी आम्ही दोघं एक डोंगा बघायला गेलो. जवळच्याच एका गावच्या तलावाच्या पाळीला अर्धा गाळात रुतून पडलेला होता. मी टेप लावला. लांबी साडेसोळा फूट, तोंडाची रुंदी एकवीस इंच, तळ तीन इंच जाड, भिंत इंचभर. आतून हात फिरवला तर वाकसाचे घाव अजून बोटांना लागत होते, माशाच्या खवल्यासारखे एकावर एक, सगळे एकाच अंगाला झुकलेले. कोरणारा डावरा असावा, असं मामाजी म्हणाले. एका ठिकाणी तडा गेला होता. तिथे टिनाचा पत्रा ठोकून वर डांबर फासलं होतं. लाकूड सावरीचं, असा मामाजींचा कयास. सावर हलकी आणि कोरायला मऊ. पाण्यात राहिली तर टिकते, उन्हात राहिली तर जाते. म्हणून डोंगा वापरात नसला की पाण्यात बुडवून ठेवतात.

मी त्यांना पेस्सेची गोष्ट सांगितली. नेदरलँड्समध्ये त्या गावाजवळ १९५५ साली रस्त्याचं काम चालू असताना पाइनच्या खोडाची कोरलेली एक छोटी होडी सापडली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची. आजवर हाती लागलेल्या होड्यांत तीच सगळ्यात जुनी मानतात. आणि तीही डोंगाच.

मामाजींचा चेहरा खुलला. ते डोंग्याच्या काठावर टेकले.

मामाजी: पाय म्हणजे! दहा हजार वर्सांचं हे. आन् तू दोन वर्सांत त्याच्याहून मोठं शिकला?

मी: मोठं नाही, वेगळं. मामाजी, या डोंग्याच्या मापाचं झाड आज कुणाच्या वावरात उभं आहे सांगा. साडेसोळा फूट सरळ खोड, कवेत न मावणारं.

ते बोलले नाहीत. मी पुढे म्हणालो की साग, मोह, बिजा यांसारखी झाडं स्वतःच्या शेतातलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६४चा कायदाच आहे. तोडलं तरी वाहतूक परवाना लागतो. मोठ्या मापाचा साग आता आलापल्लीच्या जंगलातून निवडून निघतो आणि मंदिरांच्या कामी जातो. २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येला गेला तेव्हा त्याची मिरवणूक निघाली होती. माझ्यासारख्याने तलावात बसायच्या हौसेपायी एक आख्खं जुनं झाड पाडावं का? आणि पाडून त्याचा बहुतेक भाग वाकसाखाली ढलप्या करून टाकावा? पट्टीची नाव लहान लाकडातून होते. कुणाच्या जुन्या घराचे वासे चालतात. आरागिरणीतून पावतीने आणलेले चार ओंडके चालतात.

मामाजी बराच वेळ त्या टिनाच्या ठिगळाकडे पाहत होते.

मामाजी: झाडाचं तू खरं बोलला. मी कितीक पाडली. तवा कोणी मोजत नोतं. (थोडं थांबून) पण सांध्याचं उत्तर दिलं नाई तू अजून.

त्यांच्या या बोलण्याला मी फार मोल देतो. ‘कितीक पाडली’ म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला होता.

सांध्याचं उत्तर मी आधी बोलून द्यायचा प्रयत्न केला. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली ‘म्हादेई’ त्यांना सांगितली. छप्पन्न फुटांची शिडाची नौका, तिचं अंगही सेडर लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना जोडून, दोन्हीकडून काचेचं कापड आणि इपॉक्सी लावून केलेलं. २००९ मध्ये ती नौदलाच्या ताब्यात आली आणि त्याच वर्षी कमांडर दिलीप दोंदे तिच्यात एकटे बसून मुंबईहून निघाले, पृथ्वीला वळसा घालून २०१० मध्ये मुंबईलाच परतले. तसं करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी तिच्यातूनच कुठेही न थांबता फिरून आले. दक्षिण महासागराच्या लाटांखाली जी पद्धत टिकली ती आमच्या तलावात नक्की टिकेल, असं माझं म्हणणं.

मामाजी: ती त्यानं बांधली. तू थोडीच बांधली. त्याचा हात कसा आहे मले ठाऊक नाई, तुझा ठाऊक आहे. मले करून दाखव.

म्हणून आम्ही परीक्षा लावली. दोन जोड केले, एक सागाचा आणि एक शिवणीचा. दोन्हीच्या कडा मामाजींनी स्वतः रंधून दिल्या. उजेडापुढे धरल्या तर मधून प्रकाशाची रेघ येत नव्हती. इपॉक्सीचे दोन भाग मी शाळेतल्या तराजूवर मोजून मिसळले. यात अंदाज चालत नाही. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर पक्कं होत नाही, उलट कच्चं राहतं. शिकंजे अलगद आवळले, कारण फार आवळलं तर सगळी राळ बाहेर येते आणि सांधा उपाशी राहतो. आठ दिवस ठेवले. मग दोरीला बांधून एक रात्र विहिरीत सोडले.

सकाळी मामाजींनी सागाचा जोड गुडघ्यावर धरला आणि दाबला. सांधा सरळ रेषेत उघडला. दोन्ही कडा स्वच्छ, रंध्याखालून निघाल्या तशाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग शिवणीचा घेतला. दाबला, पुन्हा दाबला, शेवटी पाय लावला. मोडला तेव्हा मोठा आवाज झाला. सांधा जागच्या जागी होता. त्याच्या शेजारचं लाकूड फाटलं होतं, आणि राळेच्या रेषेला शिवणीचे पांढुरके धागे चिकटून राहिले होते. मामाजींनी त्या रेषेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

मामाजी: लाकूड हारलं.

मी: हो.

मामाजी: आन् सागात तेल असते, ते तुझ्या डब्यावर लिवून नोतं काय?

लिहिलेलं होतं. तेलकट लाकूड चिकटवण्याआधी ताजं घासून थिनरने पुसावं, असं डब्याच्या पत्रकात बारीक अक्षरात छापलेलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. मामाजींना ते न वाचता माहीत होतं. त्या दिवशी दोघांचंही खरं ठरलं: सांधा लाकडापेक्षा मजबूत होऊ शकतो, आणि कोणत्या लाकडात होईल ते लाकूड ओळखणाराच सांगू शकतो.

त्यानंतर नाव शिवणीची, हे त्यांनीच ठरवलं. शिवण वाकडी-तिकडी होत नाही, फुगत-आकसत फार नाही, रंध्याखाली लोण्यासारखी चालते. शिवण शब्द पाळते, असं ते म्हणतात. आम्हा मराठी माणसांना या झाडाचं नाव घेताच सुई-दोरा आठवतो, आणि मला आणखी एक आठवलं. नौदलाची ‘कौंडिण्य’ ही नौका अजिंठ्याच्या भिंतीवर रंगवलेल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून बांधली गेली. गोव्यात, केरळच्या कारागिरांच्या हातून, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून, खिळ्याशिवाय. मे २०२५ मध्ये कारवारला ती नौदलात दाखल झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोरबंदरहून निघून जानेवारीत मस्कतला पोचली. मामाजींना मी तिचे फोटो दाखवले. ते शिवणीचे टाके मोठे करकरून पाहत राहिले.

मामाजी: म्हणजे जोडायची रीत आपल्यातही होती.

मी: होती. डोंगाही होता, शिवलेली नावही होती. ज्याचं जसं पाणी, जसं लाकूड. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींना नदी संपली की नाव खांद्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालावं लागे, म्हणून त्यांनी भूर्जाच्या सालीची हलकी नाव केली. तिचाच आकार पुढे एकोणिसाव्या शतकात कॅनडातल्या पीटरबरोच्या सुतारांनी लाकडी पट्ट्यांत उतरवला. आपल्याकडेही तलाव सुटे-सुटे आहेत. ही नाव तीस किलोच्या आसपास होईल. दोघांनी उचलून टेम्पोवर टाकायची. तो डोंगा चौघांनाही हलायचा नाही.

यावर त्यांनी मान हलवली, पण वाद सोडला नाही. आता तो मापांचा झाला. मी निवडलेल्या नकाशात नाव मधोमध तीस इंच रुंद होती. त्यांनी जमिनीवर खडूने ती रुंदी आखली, मला तिच्यात बसवलं आणि म्हणाले, आणखी दोन बोटं इकडे, दोन तिकडे. मी हिशोब मांडला. नावेचा डुलण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाने वाढतो. तीसचे चौतीस इंच केले की स्थिरपणा जवळजवळ दीडपट होतो. वेग थोडा जातो. तलावात वेग कुणाला हवा? मात्र नकाशा आपल्या मनाने ताणायचा नाही, यावर मी अडून राहिलो. पहिल्यांदा बांधणाऱ्याने दुसऱ्यांनी बांधून पाण्यावर तपासलेलाच नकाशा घ्यावा. शेवटी चौतीस इंचांचा वेगळा नकाशा घेतला. दोन माणसं आणि नाव मिळून पावणेदोनशे किलो धरले तर तेवढेच लिटर पाणी ती बाजूला सारेल आणि जेमतेम चार बोटं बुडेल. आर्किमिडीज मी पोरांना दरवर्षी शिकवतो. एवढ्या जवळून तो मलाही पहिल्यांदाच भेटला.

दुसरा मुद्दा ऋतूचा, आणि तिथे मी पूर्ण हरलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम उरकायचा माझा बेत होता.

मामाजी: मे महिन्यात? पत्र्याखाली? तुझं औषध भांड्यातच शिजन.

तसंच झालं. बेचाळीस अंशांच्या दुपारी मी पेलाभर इपॉक्सी मिसळली आणि पाच मिनिटं फोनवर बोललो. पेल्यातून धूर निघाला, प्लास्टिक वितळून वाकलं, आत दगड झाला. ही राळ स्वतःच्या उष्णतेने आणखी वेगात पक्की होते. खोल भांड्यात ती उष्णता कोंडते, म्हणून पसरट ताटात ओतायची आणि थंड वेळी काम करायचं. पावसाळ्यात उलट त्रास. दमट हवेत वर मेणचट थर येतो आणि तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात बसत नाही. आमच्या भागात या कामाचे महिने म्हणजे दिवाळी ते माघ.

लाकडाचंही तेच. पट्ट्या चिरून झाल्यावर मामाजींनी त्या माळ्यावर रचल्या, प्रत्येक थरामध्ये बांबूच्या कामट्या घालून, हवा खेळेल अशा. मी एक मीटरचा तुकडा दर रविवारी शाळेच्या तराजूवर तोलत गेलो. फाल्गुनात ६८ ग्रॅम होता. चैत्रात ६१. वैशाखाअखेर ५७वर येऊन थांबला. मला वाटलं, वाळला. श्रावणात पुन्हा तोलला तर ६०. माळ्यावर, छपराखाली, थेंबही न लागता त्याने हवेतलं तीन ग्रॅम पाणी पिऊन घेतलं होतं. कोरून काढलेला डोंगा ओला राहून जगतो. ही नाव कोरडी राहूनच जगेल. तिचं लाकूड काचेत बंद करायचं ते वाळलेल्या दिवसांतच, आणि वरून व्हार्निश द्यायचं, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही.

एक आक्षेप राहिला होता आणि तो मामाजींचा सगळ्यात मोठा.

मामाजी: पानी कोणाचं आहे? त्यायले विचारलं काय?

तलावात मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे असतो. बीज त्यांनी सोडलेलं, जाळी त्यांची, पोट त्यांचं. मी नाव बांधायला निघालो तेव्हा हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, आणि याची मला मनापासून लाज वाटली. मामाजी मला संस्थेच्या एका जुन्या सभासदांकडे, काकाजींकडे, घेऊन गेले. काकाजींनी हरकत घेतली नाही. पण त्यांनी सांगितलेल्या गोष्टी कोणत्याही नकाशात नव्हत्या. जाळं कुठे लागलेलं असतं ते बांबूच्या खुणेवरून कसं ओळखायचं. कमळवेलीत वल्हं कसं अडकतं. पाळीजवळ सांडव्याच्या तोंडाशी पावसाळ्यात का जायचं नाही. आणि श्रावण-भादव्यात उथळ काठाच्या गवतापासून दूर राहायचं, तिथे सारस बसतो. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात, आणि त्याचं घरटं पावसाळ्यातच असतं.

“आमी डोंग्यात उभे राहतो,” काकाजी म्हणाले, “तुमी बसूनच राहा. उभं राहायले लहानपणापासून लागते.”

त्यांना मी विचारलं, तो पाळीवरचा डोंगा कुणी कोरला? त्यांनी आठवून पाहिलं, घरात आवाज दिला, शेजारच्या म्हाताऱ्या आजींना विचारलं. डोंगा कुणी किती वर्षं चालवला ते सगळ्यांना माहीत होतं. कोरणाऱ्याचं नाव कुणालाच आठवलं नाही.

परतताना मामाजी म्हणाले, “मी तुझी नाव बांधणार नाई. सांगून ठेवतो. पण पट्टी वाकडी बसली तं उठून येईन.” त्यांचं मत अजून तेच आहे, घरात बसून नाव बांधणं हे शिकल्या माणसाचं वेड आहे. माझं मतही बदललेलं नाही: नोकरी करणाऱ्या साध्या माणसाने आयुष्यात एकदा तरी पाण्याला तोंड देणारी वस्तू आपल्या हातांनी करावी. झाडाबाबत त्यांनी माझं ऐकलं, पाण्याबाबत मी त्यांचं ऐकलं.

हे लिहितो आहे तेव्हा आश्विन चालू आहे. माळ्यावरचा तुकडा काल ५८ ग्रॅम भरला. पडवीत चौदा साचे एका ओळीत उभे आहेत. मामाजींनी काल येऊन त्यांवर एक लवचिक कामटी वाकवली, एक डोळा मिटून टोकाकडून पाहिलं आणि सहाव्या साच्यावर कोळशाने खूण केली. तो दोन मिलिमीटर वर आहे. पहिली पट्टी कार्तिकात बसेल.

आमगाव, सालेकसा, गोंदिया, तिरोडा या भागातल्या वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या गावच्या तलावावर किंवा नदीकाठी जुना डोंगा पडलेला असेल तर तो सरपणासाठी फोडण्याआधी टेप लावून त्याची लांबी, रुंदी, तळाची आणि भिंतीची जाडी मोजा, लाकूड कोणतं ते एखाद्या वाढयाला विचारा, आणि कोरणाऱ्याचं नाव सांगणारं कुणी असेल तर ते आजच लिहून घ्या.